वीस टक्के, पण कशाचे?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. २०१४ मध्ये हे प्रमाण दीड टक्का होतं, जून २०२२ मध्ये १० टक्के झालं, आणि २०२५ मध्ये २०. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० ही मुदत होती, ती नंतर अलीकडे ओढली. सरकारी कार्यक्रम मुदतीआधी पूर्ण होणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट नाही, त्यामुळे कौतुक व्हायलाच हवं. पण हा कार्यक्रम विकला गेला तो परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी. त्या बाजूने पाहिलं तर २०१३-१४ मध्ये आपण गरजेच्या सुमारे ७७-७८ टक्के कच्चं तेल आयात करत होतो, आणि आता तो आकडा ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत आयात १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट मांडलं होतं. म्हणजे मिश्रणाची टक्केवारी तेरापट झाली आणि अवलंबित्वाची टक्केवारी वाढली!

आता लगेच 'बघा, इथेनॉल फसलं' असं म्हणायची घाई नको. खप वाढला, देशातल्या जुन्या तेलविहिरींचं उत्पादन घटलं, ही कारणं आहेतच. माझा प्रश्न वेगळा आहे. हे २० टक्के नक्की कशाचे, आणि ते मोजायची पद्धत बरोबर आहे का? माझ्या पीएचडीचा विषय जैवइंधनांचं जीवनचक्र विश्लेषण असल्यामुळे या कार्यक्रमाचा पाया असलेला दस्तऐवज, म्हणजे नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीचा जून २०२१ चा '२०२०-२५ साठीचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा', मला बऱ्याच वेळा वाचावा लागलाय. तो वाईट दस्तऐवज नाही, हे आधीच सांगतो. उलट त्यात स्वतःच्या विरोधात जाणारे आकडेसुद्धा प्रामाणिकपणे छापलेत. गंमत अशी की ते आकडे एका पानावर आहेत आणि निष्कर्ष दुसऱ्या पानावर, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

आमच्या क्षेत्रात 'कार्यात्मक एकक' असा एक भारदस्त शब्द आहे. अर्थ अगदी साधा: तुलना करताना 'कशामागे?' हे आधी ठरवा. दुधाची तुलना लिटरमागे करायची की त्यातल्या फॅटमागे, यावरून गाय आणि म्हैस यांच्यात कोण जिंकतं ते बदलतं. इंधनाचंही तसंच. आपण लिटर विकत घेतो, पण वापरतो किलोमीटर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या थोडी वर. म्हणजे एक तृतीयांश कमी. त्यामुळे २० टक्के इथेनॉल घातलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या लिटरपेक्षा जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. तेवढ्याच अंतराला तुम्ही थोडं जास्त इंधन जाळता, आणि त्या जास्तीच्या इंधनातही ८० टक्के पेट्रोलच असतं. हा हिशोब पूर्ण केला की दर किलोमीटरमागे वाचलेलं पेट्रोल येतं सुमारे १४ टक्के. वीस नाही.

गंमत म्हणजे आराखड्यातही हेच आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घसरेल, तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्के, असं त्यात स्पष्ट दिलंय. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवून काही नुकसान भरून काढता येतं, हेही खरं. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या काही त्यासाठी बनलेल्या नाहीत. २०२५ मध्ये गाडीवाल्यांनी मायलेजवरून जो आरडाओरडा केला त्याला काही लोकांनी अफवा ठरवलं. काही तक्रारी अतिरंजित होत्याच, इंजिन फुटल्याच्या वगैरे. पण मायलेज कमी होणं ही अफवा कशी? चार वर्षांपूर्वीच्या सरकारी आराखड्यात ते छापलेलं आहे. त्याच आराखड्यात अशीही शिफारस होती की ऊर्जा कमी असल्यामुळे मिश्रित इंधनाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. ही शिफारस वाटेत कुठेतरी गळून पडली. इथेनॉलचा सरासरी खरेदीदर आता लिटरला सुमारे ७१ रुपये आहे, त्यामुळे स्वस्त विकणं परवडत नाही, हे उत्तर आलं. म्हणजे कमी ऊर्जेचं इंधन, भाव तोच, आणि फरक भरतो गाडीवाला.

आता बचतीचा आकडा. आराखड्यात सुरुवातीलाच म्हटलंय की २०२०-२१ मध्ये देशाची पेट्रोलियमची निव्वळ आयात १८.५ कोटी टन होती, त्यावर ५५ अब्ज डॉलर खर्च झाले, बहुतेक पेट्रोलियम वाहतुकीत वापरलं जातं, आणि म्हणून २० टक्के मिश्रणामुळे वर्षाला ४ अब्ज डॉलर, म्हणजे ३०,००० कोटी रुपये वाचू शकतात. हा आकडा तुम्ही भाषणांत, बातम्यांत, अग्रलेखांत कितीतरी वेळा ऐकला असेल. माझा आक्षेप त्या 'म्हणून'वर आहे.

भागाकार करून बघू. मिश्रणासाठी लागणारं इथेनॉल आराखड्यानुसार १,०१६ कोटी लिटर. ४ अब्ज डॉलर भागिले तेवढे लिटर केले की बॅरलमागे ६२-६३ डॉलर येतात. म्हणजे इथेनॉलचा प्रत्येक लिटर तेलाच्या पूर्ण एका लिटरची जागा घेतो असं धरलं आणि भाव ६२ च्या आसपास ठेवला, तर हा आकडा जमतो. भावाबद्दल मी भांडणार नाही. २०२०-२१ हे कोविडचं वर्ष होतं, तेल पडलेलं होतं, आणि आराखडा आला तोवर ते बरंच वर चढलं होतं. पण 'लिटरला लिटर' कसं चालेल? मायलेज घसरणार हे तुम्हीच लिहिलंय ना! ऊर्जेची वजावट केली की त्याच भावाने बचत अडीच ते पावणेतीन अब्ज डॉलरवर येते. आणि इथेनॉल तयार करायला लागणारं खत, ट्रॅक्टरचं डिझेल, ऊसवाहतुकीचं डिझेल हे यात अजून वजा केलेलं नाही.

तरीही अडीच अब्ज डॉलर काही थोडे नाहीत. मग या आराखड्याकडे तेलधोरण म्हणून पाहताना मला खरी अडचण कुठे वाटते? ती पेट्रोलच्या जागेत. बोलताना आपण तेल आणि पेट्रोल एकच समजतो, कारण पंपावर आपण उभे असतो पेट्रोलच्या रांगेत. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.३ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ वापरले गेले. त्यात डिझेल जवळपास ९ कोटी टन, घरगुती गॅस सुमारे ३ कोटी टन, आणि पेट्रोल फक्त ३.७ कोटी टन. म्हणजे एकूण वापराच्या सहावा हिस्सा. १,०१६ कोटी लिटर इथेनॉलने ऊर्जेच्या हिशोबात साधारण ५० लाख टन पेट्रोलची जागा घेतली. एकूण खपाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. 'वीस टक्के'चे मायलेजमुळे झाले चौदा, आणि देशाच्या तेलाच्या हिशोबात उरले दोन.

यात अजून एक मेख आहे. कच्च्या तेलाचं पिंप म्हणजे काही दुकानातली बरणी नाही, की हवं ते काढलं आणि बाकीचं ठेवलं. रिफायनरीत तेल तापवलं की एकाच वेळी गॅस, नाफ्था, पेट्रोल, रॉकेल, डिझेल, फर्नेस ऑइल असं सगळं निघतं. प्रमाणं थोडीफार हलवता येतात, पण डिझेल हवं असेल तर पेट्रोल येणारच. ट्रक आणि ट्रॅक्टर डिझेल मागत राहिले तर रिफायनरीला कच्चं तेल तेवढंच आणावं लागतं. वाचलेलं पेट्रोल मग जातं कुठे? बऱ्याच अंशी निर्यातीला. भारत आधीपासूनच पेट्रोल आणि डिझेल दोन्हीचा मोठा निर्यातदार आहे, जामनगरच्या रिफायनऱ्यांमुळे. निर्यातीचे डॉलर आले म्हणजे व्यापारतुटीला मदत झाली, हे मान्य. पण 'अवलंबित्व' याचा अर्थ होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर काय, असा असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर फारसं बदललेलं नाही. डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळत नाही. बायोडिझेलचं २०३० चं उद्दिष्ट ५ टक्के आहे आणि आपण अजून एक टक्क्यालाही पोचलेलो नाही. त्यावर अग्रलेख येत नाहीत. ट्रकवाल्याला अग्रलेखाशी काय देणंघेणं म्हणा.

आता पाणी. महाराष्ट्रातल्या माणसाने हा आराखडा वाचताना ज्या परिच्छेदावर थांबायला हवं तो इथे आहे. आराखडा सांगतो: एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळतं, एक किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर पाणी लागतं, म्हणून उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी. यात वरची मर्यादा धरली आहे, खालची धरली तर साधारण २,३०० येतात. उद्दिष्टातलं उसाच्या क्षेत्राकडून यायचं इथेनॉल ५५० कोटी लिटर. गुणाकार करा: आराखड्याच्याच दराने ५५० टीएमसीच्या वर. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी. म्हणजे पाच कोयना, दरवर्षी.

हा आकडा असाच्या असा फेकणं मात्र बरोबर नाही, आणि पर्यावरणवाद्यांचे काही लेख इथेच घसरतात. एक तर या पाण्यात पावसाचंही पाणी येतं. दुसरं, इथेनॉल कशापासून बनवलं यावर सगळं अवलंबून आहे. साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीपासून, म्हणजे 'सी हेवी'पासून, टनाला दहा-अकरा लिटरच इथेनॉल मिळतं. पण तो ऊस साखरेसाठी लावलेलाच होता, मळी हे उरलंसुरलं. त्या इथेनॉलच्या माथी उसाचं सगळं पाणी मारणं म्हणजे पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचा खर्च कटाच्या आमटीच्या नावावर टाकण्यासारखं आहे. 'बी हेवी'त थोडी साखर सोडून दिली जाते, तिथे पाण्याचा वाटा वाढतो. आणि थेट रसापासून बनवलं की सगळं पाणी इथेनॉलचंच. याला आम्ही 'वाटप' म्हणतो, आणि खरं सांगतो, जीवनचक्र विश्लेषणातली निम्मी भांडणं या एका शब्दावर होतात. वाटपाचा नियम बदला, उत्तर बदलतं. म्हणून कुणी 'इथेनॉल हिरवं' किंवा 'इथेनॉल तहानलेलं' असं म्हटलं की आधी विचारावं: कुठलं? मळीचं की रसाचं?

माझं मत विचाराल तर: मळीवर चालणारा मिश्रण कार्यक्रम अगदी शहाणपणाचा आहे. पण मळीवर २० टक्के गाठणं शक्यच नव्हतं. म्हणून रस आला, म्हणून तांदूळ आला, म्हणून मका आला. उद्दिष्ट टक्क्यात ठेवलं की ते गाठायला जे मिळेल ते ओतावं लागतं.

ज्या राज्यात कृषिमूल्य आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं ७० टक्के पाणी घेतो, तिथे हे पुस्तकी राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने होते आणि आहेत. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही हं. उसाला एफआरपी आहे, खरेदीची खात्री आहे, वादळात आडवा झाला तरी काहीतरी हाती लागतं. तुरीला, हरभऱ्याला यातलं काय आहे? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून वेळेवर येतात, त्यामुळे कारखान्यांना थकबाकी फेडता आली, आणि हा या कार्यक्रमाचा मला सर्वांत खरा वाटणारा फायदा आहे. फक्त त्याचं नाव साखरधोरण आहे. साखरेचा साठा कुठे मुरवायचा या प्रश्नाचं ते बऱ्यापैकी उत्तर आहे. त्याला तेलधोरण म्हटलं की मग 'देशाची ऊर्जासुरक्षा' या नावाखाली पुढचा ऊस, पुढची डिस्टिलरी, पुढचं पाणी, सगळं मंजूर होतं आणि प्रश्न विचारणारा देशविरोधी ठरतो.

सुरक्षेचीच गोष्ट निघाली तर २०२३ चा पावसाळा आठवा. पाऊस कमी झाला, साखर कमी पडणार असं दिसलं, आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. नंतर ती थोडी सैल केली, आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. मधल्या काळात मक्यावर जोर आला, आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला. कोंबडीखाद्यवाल्यांनी ओरड केली. तेल आखातातून येतं हा धोका, तर ऊस पावसावर येतो हा धोका नाही का? ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात. तिथे १९७५ मध्ये कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८९-९० च्या सुमारास साखर महाग होताच इथेनॉलचा तुटवडा पडून लोकांचा त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ नंतर, दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर. तिथला बराचसा ऊस पावसावर होतो. आणि २००६ मध्ये ब्राझीलने तेलात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर केलं ते मुख्यतः समुद्रातल्या तेलविहिरींच्या जोरावर. हा शेवटचा तपशील भाषणांत येत नाही.

मग पर्यायी इंधनांच्या गाड्या निरुपयोगी का? तसं अजिबात नाही. फक्त कुठली गाडी, हे बघायला हवं. पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारी कक्षाने नील्सनकडून करवून घेतलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशातलं सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी पितात, मोटारी ३४ टक्के. पाहणी जुनी आहे, आता मोटारींचा वाटा वाढला असणार. पण ढोबळमानाने बघा: दर चौथी दुचाकी विजेवर गेली तर वाचणारं पेट्रोल होतं १५ टक्के. म्हणजे २० टक्के मिश्रणाच्या अख्ख्या कार्यक्रमाएवढं! धरण नाही, डिस्टिलरी नाही. आज नव्या विकल्या जाणाऱ्या शंभर दुचाकींत विजेवरच्या पाच-सहा असतात. तीनचाकींत मात्र निम्म्याहून जास्त, कारण रिक्षावाला रोजचा खर्च रोज मोजतो. आणि डिझेलचा खप पाच-सहा टक्क्यांनी कमी केला तरी तेच ५० लाख टन वाचतात. रेल्वेचं ब्रॉडगेज जाळं जवळजवळ पूर्ण विजेवर आलंय, त्यावर ट्रकचा माल चढवणं हेही पर्यायी इंधनच झालं. कुणी त्याला तसं म्हणत नाही इतकंच.

जमिनीच्या हिशोबातही एक तुलना करून ठेवतो. एक एकर ऊस म्हणजे साधारण ३५ टन, सगळा रस इथेनॉलला दिला तर २,४५० लिटर. छोटी मोटार शुद्ध इथेनॉलवर लिटरला १० किलोमीटर गेली तर वर्षाला २४,५०० किलोमीटर. त्याच एकरावर सौर पॅनेल लावले तर वर्षाला तीन लाख युनिट सहज निघतात. चार्जिंगची गळती धरूनही विजेची मोटार युनिटमागे सहा किलोमीटर जाते, म्हणजे १८ लाख किलोमीटर. सत्तरपटीहून जास्त, आणि पाणी लागतं ते काचा पुसायला.

ही तुलना इथेनॉलवर थोडी अन्याय करणारी आहे, हे मान्य. इथेनॉल आहे त्या गाडीत, आहे त्या पंपावरून चालतं. विजेसाठी नवी गाडी, नवी बॅटरी, नवा चार्जर. बॅटरीचे सेल अजून मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. ते अवलंबित्वच आहे. पण दोन्हींत फरक आहे: तेल रोज जाळावं लागतं, त्यामुळे पुरवठा थांबला की काही आठवड्यांत देश थांबतो. सेल थांबले तर नव्या गाड्या थांबतात, रस्त्यावरच्या चालूच राहतात.

आता २० च्या पुढे, २७ किंवा ३० टक्क्यांची चर्चा सुरू आहे. त्यासाठी नवा आराखडा आला तर मला त्यात एकच तक्ता हवाय, आणि त्यात तीन रकाने. दर किलोमीटरमागे किती पेट्रोल वाचलं. रिफायनरीत येणारं कच्चं तेल त्यामुळे किती कमी झालं. आणि तेवढ्यासाठी कुठल्या खोऱ्यातलं किती पाणी गेलं, मळीचं वेगळं, रसाचं वेगळं, मक्याचं वेगळं. तिन्हींचे बरेचसे आकडे २०२१ च्या आराखड्यात आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या मासिक तक्त्यांत आधीच पडून आहेत.